खाडीतल्या चार बाटल्या

सर चहाचा शेवटचा घोट कधी घेत नसत. तळाशी थोडा उरला की कप बशीत ठेवायचे आणि म्हणायचे, "तळाचं प्यायचं नसतं, बघायचं असतं." मग खरंच कप खिडकीच्या उजेडात तिरका करून बघत बसायचे. साखर किती विरघळली, पूड कुठे बसली. नवीन माणूस हसायचा. सर त्याच्याकडे असे बघायचे की तो पुन्हा हसायचा नाही.

अंधेरीला एमआयडीसीच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमची लॅब होती. पाणी, माती, सांडपाणी, जे येईल ते तपासून रिपोर्ट द्यायचा. सरांकडे गाळाचं काम होतं. त्यांना गाळ हा शब्द मात्र चालत नसे. "गाळ म्हणजे बसून गेलेला. आपण मोजतो ते बसायला निघालेलं," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. पाण्यात वरून खाली सारखं काहीतरी पडत असतं. मातीचे कण, मेलेलं शेवाळ, माशांची घाण, आपली घाण. ते किती पडतं हे कळायला पाण्यात एक नळी उभी करून ठेवायची. वरचं तोंड उघडं, खाली एक पारदर्शक बाटली आटे देऊन बसवलेली. तळाला काँक्रीटचा ठोकळा, वर तरंगायला बोया. पंधरा दिवसांनी काढायची, बाटलीत जमलेलं गाळून, वाळवून, वजन करायचं. सगळे त्याला ट्रॅप म्हणत, सर नळी म्हणत. आणि बाकीचे डिपार्टमेंटवाले सरांना, त्यांच्या पाठीमागे, चिखलसर म्हणत.

मी तिथे लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. बी.एस्सी. झालेलं, भांडुपला चाळीत घर, मिळेल तिथे नोकरी करायची तयारी. मुलाखत मालक घेणार होते, पण ते बाहेर गेले होते म्हणून मला सरांकडे पाठवलं. सरांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. एक गोल फिल्टर पेपर चिमट्यात धरून माझ्यापुढे केला.

"वजन कर."

मी केलं.

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. शेवटचा आकडा बदलला होता. तिसऱ्यांदा केलं, अजून बदलला.

"यातलं कुठलं लिहिशील?"

"एकही नाही. वाढतंय ते. कागद हवेतला ओलावा घेतोय. आधी वाळवायला पाहिजे."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"तुम्ही वजन कर म्हणालात."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "मी म्हणालो म्हणून काही करायचं नाही. उद्यापासून ये."

त्यांच्या हाताखाली टिकणं कठीण होतं. काट्यावर वजन चालू असताना पंखा बंद, दार बंद, आणि मे महिन्यातसुद्धा खोलीतल्या माणसांनी हलायचं नाही. खिशात पेनाच्या जागी चिमटा. नोंदी शिसपेन्सिलीनं, कारण शाईवर पाणी पडलं की पसरते. पण खोडरबर टेबलावर दिसला तर कचऱ्यात जायचा. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, चुकलेलं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि आपली सही करायची. "चूक लपवली की ती दोन होते," असं म्हणायचे.

होडीत फोन चालायचा नाही. नळ्या काढायला खाडीत जायचो तेव्हा आमचे फोन काठावरच एका डब्यात ठेवायला लावायचे. एकदा मी विचारलं, "सर, फोटो काढले तर पुरावा राहील ना?" तर म्हणाले, "फोटो काढणारा बघत नाही. तू बघ. तूच पुरावा."

सगळ्यात जिकिरीचं काम बाटल्या आल्यावर असायचं. नळीत नुसते कण पडत नाहीत, जिवंत किडे, झिंगे, अळ्या आपणहून आत शिरतात आणि तिथेच मरतात. ते वजनात धरायचे नाहीत. भिंगाखाली चिमट्यानं एक एक वेचून काढायचे. सकाळी बसलं की मान वर करेपर्यंत चार वाजायचे. एकदा मी कंटाळून म्हणाले, "दोन-चार राहिले तर काय होतं सर?" त्यांनी माझी बाटली उचलली, स्वतःच्या टेबलावर नेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द न बोलता वेचत बसले. जाताना कागदावर ठेवलेले सात झिंगे मला दाखवले. तेवढंच.

घरी मी हे सगळं सांगायचे. माझे वडील मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन होते. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुजो सर येडो आसा गे. पण माणूस खरो."

एम.एस्सी. मी नोकरी करत केलं. प्रबंधासाठी सरांनीच विषय दिला, नळ्या दिल्या, ओव्हन वापरू दिला. पावसाळाभर मी खाडीतून बाटल्या आणल्या. सगळं लिहून तयार झालं आणि सरांनी माझी वही तपासायला मागितली. तिसऱ्या दिवशी बोलावलं.

"या तारखेला नळी पाण्यात सोडल्याची वेळ अकरा लिहिलीस. अकरालाच सोडलीस?"

मला आठवेना. त्या दिवशी भरतीची घाई होती, वेळ काठावर आल्यावर लिहिली होती. मी म्हणाले, "अकराच्या आसपास."

"आसपास म्हणजे अंदाज. एक अंदाज आहे, म्हणजे अजून किती असतील ते मला माहीत नाही."

"बाकीच्या सगळ्या बरोबर आहेत सर. खरंच."

"असतील. पण मी कशावरून मानू?"

त्यांनी स्वतः माझ्या कॉलेजला पत्र लिहिलं की या नोंदी ग्राह्य धरू नयेत. माझं वर्ष गेलं. सोबतच्या मुली पुढे गेल्या, एका कॉलेजात लागण्याचं जवळजवळ ठरलं होतं तेही गेलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून बाटल्या आणल्या, प्रत्येक वेळ मिनिटासकट लिहिली. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानसुद्धा वाटायचा. अशा माणसाच्या हाताखाली शिकले म्हणून.

सरांची स्वतःची एक गोष्ट होती, लॅबच्या कामाबाहेरची. आरे कॉलनीत गोठ्यांच्या मागे एक तळं आहे. तिथे त्यांनी स्वतःच्या दोन नळ्या उभ्या केल्या होत्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मुलुंडच्या घरून बस बदलत तिथे जायचे, बाटल्या काढायचे, नव्या लावायचे. सोबत काकू, म्हणजे त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. मी दोनदा गेले होते त्यांच्याबरोबर. काकू काठावर चटई टाकून बसायच्या, थर्मास, डब्यात पोहे, आणि हातात दोरीचं टोक. सर कंबरभर पाण्यात.

"आमचं फिरायला जाणं म्हणजे हे," काकू मला म्हणाल्या. "लोक महाबळेश्वरला जातात. मी दोरी धरते."

"कंटाळा नाही येत?"

"यायचा आधी. आता एखादा रविवार चुकला तर मलाच चुकल्यासारखं होतं."

तेव्हा त्याला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांचे फिल्टर पेपर, छोट्या काचेच्या डब्यांत, महिन्याची चिठ्ठी लावून, लॅबमधल्या एका लोखंडी कपाटात ठेवलेले. खालच्या खणात वह्या. वजन करायला लॅबचा काटा आणि लॅबचा ओव्हन. मालकांनी कधी आडकाठी केली नव्हती. त्या तळ्याभोवती काय काय बदललं, गोठे वाढले, रस्ता झाला, झाडं गेली, ते सगळं त्या डब्यांत थरांनी आहे असं सर म्हणायचे. इतकी वर्षं सलग मोजलेलं दुसरं तळं आपल्याकडे दाखव, म्हणायचे. छापलं मात्र काही नाही. "अजून पुरेसं नाही," एवढंच.

मग खाडीचं काम आलं. पूर्वेच्या बाजूला एक जेटी बांधायची होती, त्यासाठी खाडीचा तळ उकरायचं चाललं होतं. उकरलेला चिखल लांब नेऊन टाकायचा असं ठरलेलं. पण तिथल्या कोळ्यांची तक्रार होती की तो जवळच टाकतात आणि त्यांच्या खुब्यांवर बसतो. खुबे म्हणजे ओहोटीच्या वेळी चिखलातून हातानं वेचायच्या शिंपल्या, ते काम बायकांचं. मोजायचं काम जेटीवाल्या कंपनीनं आमच्या लॅबला दिलं होतं. ठरावीक मापापेक्षा जास्त पडतंय असं निघालं तर काम थांबणार होतं.

होडी एका कोळी जोडप्याची घेतली होती. नवरा वल्हं मारायचा, बोलायचा नाही. बायको आमच्याबरोबर यायची, तिला मी मावशी म्हणायचे. खुब्यांची जागा तीच दाखवायची. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "पयला इथं पाय टाकला का टोचायचं, एवढं खुबं. आता पाय नुसता आत जातंय बाय. हाताला चिकलच लागतंय."

सरांनी चार नळ्या तिच्या पट्ट्यात लावल्या आणि चार खूप लांब, जिथे कसलंच काम चालू नव्हतं. लांबच्या बाटल्यांत जे पडेल ते खाडीचं रोजचं. त्याहून जास्त इथे जे पडेल ते कामाचं. मावशीला त्यांनी हे इतकं शांतपणे समजावून सांगितलं की मला हेवा वाटला. माझ्याशी ते इतकं सरळ कधी बोलले नव्हते.

पंधरा दिवसांनी आम्ही काढायला गेलो. लांबच्या बाटल्यांत बोटाच्या पेराएवढं होतं. मावशीच्या पट्ट्यातली पहिली बाटली वर आली आणि मी सरांकडे बघितलं. अर्ध्याच्या वर भरली होती. चारही तशाच.

नळी पाण्यात कलली असेल तर तिच्यात जास्त पडतं, मग ती बाटली बाद धरायची असते. कलली होती की नाही हे ओळखायची सरांची साधी रीत होती. बाटली उजेडात धरायची. आतल्या चिखलाची वरची रेघ आडवी असेल तर नळी सरळ उभी होती. तिरपी असेल तर कललेली. सरांनी पहिली बाटली मावशीच्या हातात दिली, "हलवू नका, अशी धरा," म्हणाले आणि वाकून डोळा लावला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. रेघ पट्टीनं आखल्यासारखी आडवी होती. सर म्हणाले, "सरळ," आणि वहीत लिहिलं. दुसरी, सरळ. तिसरी, सरळ. चौथी, सरळ. वेळा मी सांगितल्या, मिनिटासकट.

मावशीनं विचारलं, "म्हंजी आमचं खरं ना सर?"

"वजन झाल्यावर सांगतो," सर म्हणाले. पण हसत होते. त्यांना हसताना मी फारसं बघितलेलं नाही.

वजन झालं. आकडे मालकांकडे गेले. दुसऱ्या दिवशी मालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलेलं होतं, आवाज चढले नाहीत. अर्ध्या तासानं सर बाहेर आले, लोखंडी कपाटासमोर जाऊन उभे राहिले, ते उघडलं, बंद केलं आणि घरी गेले. दुपारचे तीन वाजले होते. त्या वेळेला ते कधी घरी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. त्यात लिहिलं होतं की जेटीजवळच्या चारही नळ्या कललेल्या आढळल्यामुळे त्यांच्या नोंदी बाद धरल्या आहेत आणि उरलेल्या नोंदींवरून गाळाचं प्रमाण नेहमीइतकंच दिसतं. मी वही मागितली. त्यांनी दिली. चार ठिकाणी "सरळ" होतं, त्यावर एक एक आडवी रेघ, शेजारी "कललेली" आणि खाली सरांची सही. खोडलेलं नव्हतं. खालचं स्वच्छ वाचता येत होतं.

"सर, मी होते होडीत."

"माहीत आहे."

"रेघ आडवी होती."

"होती."

मला वाटलं होतं ते काहीतरी कारण देतील. उजेड चुकला, बाटली हलली, असं काहीतरी. त्यांनी दिलं नाही. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

"हे आकडे गेले तर मालक मला कपाट रिकामं करायला सांगतायत," ते म्हणाले. "काटा बंद, ओव्हन बंद. डबे आठवड्याभरात हलवा, नाहीतर भंगारात जातील म्हणाले. कुठे नेऊ मी ते? दोन खोल्यांचं घर आहे माझं. हवा लागली तर सहा महिन्यांत बुरशी येईल. एकोणीस वर्षं आहेत त्यात."

"आणि मावशीचं?"

"खाडी आहे ती. भरती-ओहोटी आहे. जाईल धुऊन."

"जाईल?"

त्यांनी माझ्या हातातली वही घेतली आणि मिटली. मग म्हणाले, "नाही."

आणि लगेच, "सही कर. होडीत असलेल्या दुसऱ्या माणसाची लागते."

मी केली. का केली, हे नंतर मी स्वतःला अनेक तऱ्हांनी समजावून पाहिलं. नोकरी होती, घरी वडिलांचे गुडघे गेले होते, मी नाही केली तर दुसऱ्या कुणाची तरी घेतली असती. त्यातलं काही खोटं नाही. पण पेन हातात घेतलं तेव्हा यातलं काही माझ्या मनात नव्हतं. सरांनी सांगितलं म्हणून मी सही केली.

महिन्याभरानं दोऱ्या-ठोकळे काढून आणायला मी एकटीच खाडीवर गेले. मावशी काठावर जाळं सोडवत बसली होती.

"काय निगालं गो बाटलीत?"

"बाटल्या कलल्या होत्या मावशी. धरता नाही आल्या."

तिनं जाळं खाली ठेवलं. "कोन म्हनतं?"

"तसं लिहिलंय."

"माझ्या हातान व्हती ना बाटली. मी धरली. सर बोलला, सरल हाय. तू पन व्हतीस." ती ओरडली नाही. फक्त विचारलं, "तू पन तसंच लिवलंस?"

मी हो म्हणाले.

"जा मग. दोऱ्या घेऊन जा," ती म्हणाली आणि पुन्हा जाळ्याला लागली. तिच्या नवऱ्यानं ठोकळे उचलून माझ्या टेम्पोत टाकून दिले. जेटी झाली. पुढे मी ऐकलं की खुबे संपले आणि मावशी दुसरीकडून मासळी आणून भांडुपच्या बाजारात बसते. मी त्या बाजारात जायचं सोडलं. आमच्या घरापासून तोच जवळ आहे.

वर्षभरात मी ती लॅब सोडली. सरांशी भांडले नाही, निरोपाचा चहाही घेतला. ते निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले, कपाट जागेवर राहिलं, रविवारची फेरी चालू राहिली. तेवीस वर्षं झाल्यावर त्यांचे पाय पाण्यात उतरण्यासारखे राहिले नाहीत आणि ते थांबलं.

मग एक दिवस मला विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंचा फोन आला. शहरातल्या तळ्यांच्या जुन्या नोंदी त्या गोळा करत होत्या आणि सरांनी त्यांना आपले डबे आणि वह्या देऊ केल्या होत्या. "हे फार मोठं काम आहे हो," त्या म्हणाल्या. "फक्त एक अडचण आहे. छापलेलं काहीच नाही. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या कुणीतरी लिहून द्यावं लागेल की नळ्या हाताळण्यात आणि नोंदीत गडबड नव्हती. त्यांनी तुमचं नाव सांगितलंय."

मी म्हटलं, वह्या आधी मला बघू द्या. त्यांनी पाठवल्या. आठवडाभर मी रोज संध्याकाळी त्या वाचत होते. सुंदर वह्या. पाण्याची उंची, वारा, गोठ्यातलं पाणी कुठून येतंय, कुठल्या महिन्यात काकूंना ताप होता म्हणून दोरी झाडाला बांधली. आणि अकरा ठिकाणी "सरळ" वर एक आडवी रेघ, शेजारी "कललेली", खाली सही. अकराही नोंदी मोठ्या पावसानंतरच्या. मोठ्या पावसात नळ्या कलतात, हे खरं आहे. मोठ्या पावसात आकडे असे भलतेच येतात की वर्षानुवर्षं काढत आणलेला आलेख बिघडतो, हेही खरं आहे. घाईत आधी सरळ लिहिलं आणि नीट बघितल्यावर दुरुस्त केलं, असंही असेल. तळ्यावर त्यांना कुणी धमकावणारं नव्हतं. मी त्या अकरा पानांवर बोट ठेवून बसायचे आणि मला काही कळायचं नाही. खाडीचं पान मी पाहिलं नसतं तर एका मिनिटात पत्र लिहून दिलं असतं.

मी बाईंना कळवलं की मला खात्री देता येणार नाही. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही. त्यांनी डबे परत केले.

त्यानंतर मी मुलुंडला सरांना भेटायला गेले. जायलाच पाहिजे होतं. काकूंनी दार उघडलं, आनंदानं आत घेतलं, पोहे टाकायला गेल्या. सर खिडकीशी खुर्चीत होते. एका बाजूचा हात हलत नव्हता. पलंगाखाली, कपाटावर, देवघराच्या शेजारी, सगळीकडे ते काचेचे डबे रचले होते.

"परत आले," ते म्हणाले. बोलणं थोडं जड झालं होतं. "कारण नाही लिहिलं त्यांनी. तुला माहितीये?"

"मी पत्र दिलं नाही सर."

काकूंच्या हातातलं पातेलं वाजायचं थांबलं.

"किती पानं?" सरांनी विचारलं.

"अकरा."

"त्यातली खोटी किती वाटतात तुला?"

"मला कळत नाही."

"एकही नाही," ते म्हणाले. "तळ्यात मी एकही नाही. खरं सांगतोय. रेघ तिरपी होती. मी पुन्हा बघायचो ना, काठावर आल्यावर, उन्हात." त्यांना दम लागला. धड असलेला हात त्यांनी माझ्या दिशेनं टेबलावर ठेवला. "खरं सांगतोय गं."

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. मला मानायचं होतं. त्या खोलीत असताना मला दुसरं काहीही नको होतं. पण रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी "होती" म्हटलं होतं तेव्हाही त्यांचे डोळे असेच होते, आणि तोच चेहरा ठेवून त्यांनी "सही कर" म्हटलं होतं.

"असेल सर," मी म्हणाले.

"असेल नाही." मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली. तिकडेच बघत म्हणाले, "तू दिलं नाहीस ते ठीक आहे. मीही दिलं नसतं."

पोहे आले ते मी खाल्ले. सर झोपेला आल्यासारखे झाले म्हणून उठले. काकू माझ्यामागून जिन्यापर्यंत आल्या आणि दार ओढून घेतलं.

"त्यांना सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं काकू."

"विचारलं म्हणून सांगायचं? तिकडे जागा नाही म्हणाले, असं सांगायचं होतंस. आणि पत्र दिलं असतंस तर कुणाचं काय जाणार होतं? कोण वाचणार होतं ती अकरा पानं?" त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी तो स्वतःच दाबला. "तेवीस वर्षं मी दोरी धरली गं. एकही रविवार माझा नव्हता. तुला एक खोटं नाही बोलता आलं? त्यांच्यासाठी एकदा बोलली होतीस ना?"

म्हणजे त्यांना खाडीचं माहीत होतं. सरांनी सांगितलेलं असणार, माझ्या सहीसकट.

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. "येते," म्हणाले आणि खाली उतरले.

सर गेल्याचं मला जुन्या लॅबमधल्या एकाकडून कळलं, तेव्हा दिवससुद्धा होऊन गेले होते. त्यानं सहज विचारलं, "तू दिसली नाहीस ती?" मी मुलुंडला फोन लावला. काकूंनी उचलला. मी माझं नाव सांगितलं. मग त्यांनी फोन ठेवून दिला.